विहिरीवर मुका झालेला बंब

अकोल्याच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि आपल्याला यंत्रातलं सगळं कळतं असा माझा समज होता. म्हणून कापूस बाजारातल्या आगीनंतर म्युनिसिपल कमिटीने चौकशीला मलाच बोलावलं.

आग विझवायचा नवा मोटारबंब पोळ्याच्या सुमारास आला होता. बाजारामागच्या विहिरीत नळी सोडली, तर पाणी जिनिंग कारखान्याच्या छपरावरून पलीकडे पडलं. लढाईवर मोटार हाकून आलेला आमचा शेजारी बंबाचा ड्रायव्हर झाला. मग ऐन वैशाखात कापसाच्या गंजीला आग लागली. त्याच विहिरीवर तोच बंब नुसता गुरगुरत राहिला. नळीतून थेंब आला नाही. गंजीची राख झाली आणि लोक म्हणाले, ड्रायव्हर पिऊन होता.

मी दोन दिवस बंबाशी झटलो. नळीला तुकडे जोडून तिचं तोंड पाण्यात बुडवलं, सांधे तपासले, पंपात पाणी भरलं. काही नाही. बंब हौदापाशी नेला, तर लगेच धार! परत विहिरीवर आणला, की मुका. माझं डोकं चालेना. चिडून लिहून दिलं, ‘यंत्र निर्दोष आहे.’ खरंच होतं ते. पण यंत्र निर्दोष म्हणजे दोषी कोण, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. ड्रायव्हरची नोकरी गेली.

आठवड्याने जेवताना बायकोजवळ कुरकुरलो, की पोळ्याला चाललेला बंब वैशाखात का चालू नये. ती म्हणाली, “काहून म्हंजे? पोळ्याले पानी वर रायते. आता मी दोराले दुसरा दोर जोडून रायली.”

घास हातातच राहिला. तीसेक फुटांहून खोल पाणी वरचा पंप ओढू शकत नाही, हवेचा दाब तेवढाच पुरतो, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो! विहिरीचं पाणी चाळीस फुटांखाली गेलं होतं. अकलेचे दिवे पाजळायचे म्हणतात, ते हेच.

उष्ट्या हातानेच शेजारी गेलो. ड्रायव्हर ओट्यावर बसला होता. सगळं सांगून म्हटलं, उद्याच कमिटीला लिहून देतो, नोकरी परत मिळेल. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“गुरुजी, तुमी शिकलेले मानूस,” तो म्हणाला. “तुमी मशीन चांगली हाये मनलं, त मलेबी वाटलं का माह्यातच खोट असन. नोकरीचं पाहू मंग. आदी हे माह्या बायकोले सांगा. ते माह्यासंग बोलत नाही.”

मी दारात उभा राहून ते तीस फूट, ते चाळीस फूट पुन्हा सांगितलं. तो प्यायलेला नव्हता, चूक माझी होती, हेही सांगितलं. 

आतून त्याची बायको म्हणाली, “तुमाले मालूम होतं, त आदी काहून नाही सांगतलं?”