नसलेल्या खांबाभोवती

ताणून धरलेल्या कोऱ्या मांजरपाटाला कात्रीने एकच काप द्यावा आणि मग ती न मिटता सरळ पुढे ढकलत न्यावी, तसा तो आवाज होता. बारीक, अखंड आणि विलक्षण आत्मविश्वासाचा! कतारमधल्या उम्म सईद गावाच्या पुढे, जिथे वाळूच्या टेकड्या थेट समुद्रापाशी येऊन थांबतात, तिथे हिवाळ्यातल्या शुक्रवारच्या सकाळी मी तो पहिल्यांदा ऐकला. आदल्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली होती आणि वाळू ओल्या पिठासारखी दाबून बसली होती. त्या वाळूवरून माझी पत्नी कुंदा एका फळीवर उभी राहून खाली येत होती आणि तिच्या मागे पेन्सिलीने काढल्यासारखी एक वळणदार रेघ उमटत होती.

ती रेघ मला स्वस्थ बसू देत नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो, वाचायला घेतलेलं पुस्तक दुसऱ्याच पानावर उघडून ठेवतो, वातानुकूलन यंत्र बंद करतो आणि पुन्हा लावतो. कुंदा जाऊन पाच महिने झाले. मदिनत खलीफा या वस्तीतल्या आमच्या घरात भिंतीला टेकून ती फळी अजून उभी आहे, आणि येत्या शुक्रवारी ती मला दुसऱ्याच्या पायांखाली द्यायची आहे. द्यायची की नाही, हे मला ठरवता येत नाही. दिली तर तिच्यावरचे स्क्रू काढावे लागतील, आणि त्या स्क्रूंच्या जागा हे कुंदाच्या उभं राहण्याचं माझ्यापाशी उरलेलं एकमेव माप आहे.

तुम्हाला हे सारं विचित्र वाटेल. नाशिकच्या बाईने कतारच्या वाळवंटात बर्फावरची फळी चालवावी, यात विचित्र वाटण्यासारखं आहेच. आमच्या शेजारी एल्झबेथ नावाची स्विस बाई राहते. तिचा भाऊ डोंगरात राहणारा, त्याने तिला दोन जुने स्नोबोर्ड पाठवले होते. त्यातला एक तिने कुंदाला देऊन टाकला, कारण कुंदाला खो-खो खेळताना तिने पाहिलं होतं. गल्लीतल्या भारतीय मुलींना कुंदा संध्याकाळी खो-खो शिकवी. चाळिशीतली बाई साडीचा पदर खोचून विजेच्या खांबाला हात लावते, सगळं अंग आत झोकून देते आणि वेग जराही न मोडता वळते, हे पाहून एल्झबेथ थबकली होती. म्हणाली होती, आमच्याकडे बर्फावर असंच वळतात, फक्त तिथे खांब नसतो.

आमचा ड्रायव्हर सावंत वेंगुर्ल्याकडचा. फळी गाडीत चढवताना त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, “वैनी, बर्फाची फळी वाळूत खेळवतत! गावाक सांगलंय तर माका येडो म्हणतले.” कुंदा त्याला म्हणाली, की गावाला मीही कळवलेलं नाही, तेव्हा दोघेही शहाणे राहू.

फळी आली होती, पण पाय अडकवायच्या पट्ट्या सुट्या होत्या. पोलादी तारेच्या कड्या असलेल्या त्या दोन पट्ट्या फळीवर स्क्रूने बसवायच्या, त्यांत टणक बूट अडकवायचे. सोबत भावाचं चार पानी पत्र होतं, जर्मनमधलं. एल्झबेथने ते इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत वहीवर उतरवलं. कचेरीत नकाशे आणि कागदपत्रं जपणाऱ्या माणसाला याहून सुखाचं काम कोणतं? पाय आडवे ठेवू नयेत, बोटं पुढच्या दिशेला वळवावीत; पुढचा पाय अधिक, मागचा किंचित कमी. वळताना फळी ढकलू नये. ढकलली की ती घसरते, वाळू उधळते, वेग मरतो. तिला फक्त एका कडेवर झुकवावं, गुडघे वाकवावेत, जिथे जायचं तिथे पाहावं. फळीची कड मुळातच कमानदार असते, वळण तिच्या अंगातच असतं. ही वाक्यं लिहिताना मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, जगण्याची सारी रीतच कुणीतरी चार पानांत पाठवली आहे.

पत्रात आणखी एक वाक्य होतं. पुढे कोणता पाय ठेवायचा हे ठरवण्यासाठी माणसाला उभं करावं, मागून हलकेच ढकलावं. जो पाय आपसूक पुढे पडेल तो पुढचा. मी ते वाक्यही सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि तसं केलं मात्र नाही. ढकलायचं कशाला? नवी नवरी होऊन आमच्या नाशिकच्या घरात आली तेव्हा कुंदाने उजव्या पायाने माप ओलांडलं होतं. तांदळाचे दाणे उंबऱ्याच्या आत कुठवर गेले तेही मला आठवत होतं. आरंभ उजव्या पायाने करायचा, यात विचारण्यासारखं काय होतं? कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजले, आठ भोकं पाडली आणि उजवा पाय पुढे येईल अशा बेताने पट्ट्या घट्ट बसवल्या.

तीन शुक्रवार कुंदा पडत राहिली. मी खाली उभा राहून वहीतली वाक्यं मोठ्याने वाचायचो. ती वरून निघायची, पहिल्याच वळणावर तिचं अंग कुणीतरी मागे खेचल्यासारखं व्हायचं आणि ती कुशीवर कोसळायची. घरी येऊन गुडघ्याला आंबेहळद लावायची. वय झालं, एवढंच म्हणायची. ते मला पटलंही. आता तेच अधिक टोचतं. तिचं वय झालं हे मला किती सहज पटलं!

चौथ्या शुक्रवारी एल्झबेथने काहीही न सांगता टेकडीच्या माथ्यावर तिला मागून ढकललं. डावा पाय पुढे पडला. पुन्हा ढकललं, पुन्हा डावा. एल्झबेथने माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. उजवा का, असं तिने विचारल्यावर मला माप ओलांडण्याची रीत इंग्रजीतून समजावून सांगावी लागली. कुंदा वाळूत बसकण मारून डोळ्यांत पाणी येईतो हसली.

“अहो, माप ओलांडायचं नव्हतं, टेकडी उतरायची होती,” ती म्हणाली. मग हसू ओसरल्यावर बूट काढता काढता म्हणाली, “सासूबाईंनी सांगितलं म्हणून तेव्हा उजवा टाकला. मी निघते डाव्यानेच. अठरा वर्षं झाली, एकदा विचारायचं तरी.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी मी चुकीच्या आठ भोकांत काडेपेटीच्या काड्या सरसात बुडवून ठोकल्या, वर कानस फिरवली आणि नवी भोकं पाडून पट्ट्या फिरवल्या. आणि पुढच्या शुक्रवारी तो आवाज आला. एक हात वाळूला जवळजवळ टेकवत, अंग आत झोकून, ती नसलेल्या खांबाभोवती वळली. फिरून दुसऱ्या खांबाभोवती. वर पाहिलं तर वाळू उधळलेली नव्हती. फक्त रेघ होती. मी वही मिटली.

दोन हिवाळे तसे गेले. उन्हाळ्यात तिचं डोकं दुखू लागलं. ती गोळी घ्यायची, पडदे ओढून पडायची, उन्हामुळे, म्हणायची. तेही मला पटलं. जुलैच्या एका सकाळी चहा गाळताना ती खाली बसली आणि संध्याकाळपर्यंत सारं संपलं. डोक्यात रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले; आधी कळलं असतं तरी काही करता आलं असतंच असं नाही, असंही म्हणाले. ते दयाळूपणे म्हणाले की खरं म्हणून, हे मी अजून घोळवत बसतो. ज्या माणसाने अठरा वर्षांत कोणता पाय आधी पडतो हे विचारलं नाही, त्याने आणखी काय काय विचारलं नसेल?

गेल्या आठवड्यात एल्झबेथ आली. ती आणि तिच्या घरचे या महिन्याच्या अखेरीला कायमचे परत चालले आहेत. तिची स्वतःची फळी गाडीतल्या उन्हाने थरांत उकलली आहे. कुंदाच्या फळीवरून एकदा उतरायचं आहे, तेवढंच, ती म्हणाली, मग म्हणाली, “पण मी उजवा पाय पुढे ठेवते. तू नाही म्हणालास तरी मला समजेल.”

नाही म्हणणं किती सोपं होतं! हे लिहायला घेतल्यावरही चार दिवस मी पेचकस हातात घेतला आणि ठेवला. स्क्रूंवर बारीक वाळू बसली होती, तीसुद्धा पुसवेना. मग काल, गुरुवारी दुपारी, फळी जमिनीवर आडवी घातली. आठही स्क्रू काढले. पट्ट्या उचलल्यावर खाली दोन स्वच्छ चौकोन दिसले, जिथे उन्हाने रंग उडाला नव्हता. त्यांच्याशेजारी काड्यांनी बुजवलेली ती आठ भोकं होती. पोकरून एकेक काडी काढली. माझी चूक तशीच शाबूत होती, मोजून मापून केलेली. पट्ट्या तिथे अशा बसल्या, की ती भोकं एल्झबेथसाठीच पाडून ठेवली होती जणू.

आज शुक्रवार. टेकडीच्या माथ्यावर एल्झबेथने बूट अडकवले, खाली मेण घासलेली फळी एकदा पुढेमागे सरकवली आणि समुद्राकडे पाहत उभी राहिली. मी सावंतला म्हटलं, मला मागून जरा ढकल. तो कचरला. साहेबांना ढकलायचं म्हणजे काय? मी पुन्हा म्हटलं. “पडशात हां साहेब,” असं पुटपुटत त्याने दोन बोटं पाठीला लावली.

डावा पाय पुढे पडला.

पुन्हा ढकल, म्हटलं. डावाच. म्हणजे काल दुपारपर्यंत ती फळी माझ्याही पायांना चालली असती. दोन हिवाळे ती तशी होती, आणि कुंदा दर शुक्रवारी माथ्यावरून ओरडून विचारायची, तुम्ही येता का? मी खालून वही दाखवायचो, माझं काम हे एवढंच, अशा अर्थाने.

एल्झबेथ निघाली. मी डोळे मिटले. रात्रीच्या दहिवराने वाळू दाबलेली होती, आणि खालच्या दिशेने कोरं मांजरपाट कापत न्यावं तसा तो आवाज जात राहिला. एक वळण. दुसरं. तिसऱ्याला तो वाऱ्यात मिसळला. डोळे उघडले तेव्हा वरच्या टोकाकडून रेघेत वाळू सरकू लागली होती. रेघ बुजायच्या आत मी पायांतले बूट काढले, आणि तिच्या कडेकडेने, डावा पाय आधी टाकत, खाली उतरायला लागलो.