डब्यातले नट

जळगावात माझी मोटारसायकल मी एकाच मेकॅनिककडे नेतो. रविवारचं चर्च न चुकवणारा माणूस, पण तोंड भयंकर शिवराळ. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मात्र ते शिव्या देणं सोडतात. चुकून एखादी तोंडातून गेलीच, तर पत्र्याच्या डब्यात एक नट टाकतात. पूर्वी आठवड्यात डबा भरायचा. तरी दरवर्षी तो रिकामा करून ते पुन्हा मांडायचे. यंदा महिना झाला तरी डब्याचा तळ दिसत होता. गॅरेजमध्ये इतकी शांतता की मला करमेना.

परवा ते चेन बसवत होते आणि मी आगाऊपणे मागचं चाक फिरवलं. त्यांचं बोट अडकलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले, बोट सोडवलं आणि हलवून पाहिलं.

“ठीक शे,” म्हणाले. मग उठले आणि डब्यात एक नट टाकला.

“अहो, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत!”

“मनमा शिवी दिधी ना, भाऊ.”

आणि माझ्याकडे बघत त्यांनी आणखी एक टाकला. माझा जीव भांड्यात पडला.