मुद्दाम बिघडवलेली जोडी

गाड्यांचे हॉर्न बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे कानताई म्हणत. प्रत्येक गाडीला दोन हॉर्न लागतात, एक खालच्या स्वराचा आणि एक वरच्या स्वराचा. त्यांची जोडी जुळवणं हे तिचं काम. खालचा सेकंदाला चारशे वेळा थरथरायचा, वरचा पाचशे वेळा. पण कुठलाही आवाज एकटा नसतो. त्याच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची बारीक कंपनं दडलेली असतात. चारशेची पाचपट आणि पाचशेची चौपट, दोन्ही दोन हजारच. तिथे गाठ बसली की जोडी गोड वाजायची. वरचा जरा चढा असला, तर आवाज हिंदकळायचा. कानताई हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू केसभर फिरवायची. हिंदकळणं थांबलं, की पुढची जोडी.

मग नवे इंजिनिअर आले. म्हणाले, "ताई, हे फारच गोड झालंय. लोक बाजूला व्हायचं सोडून माना डोलावतील. वरचा सात-आठ कंपनांनी चढवा."

"म्हणजे मुद्दाम बेसूर करू?"

"मुद्दाम."

तिला काही ते पटेना. इंजिनिअरनी वाद घातला नाही. मागच्या आवारात तिला पाठमोरी बसवलं आणि स्क्रू निवडायला दिले. मागून जुळलेली जोडी वाजली. ती आपली निवडत राहिली. थोड्या वेळानं बिघडवलेली वाजली, तशी ती दचकून उभीच राहिली आणि स्क्रू चहूकडे सांडले. ते गोळा करता करता ती एवढंच म्हणाली, "बरं, चढवते."

सोपं मात्र गेलं नाही. हात सवयीनं गोडावरच थांबायचा. सुरुवातीला तिच्या निम्म्या जोड्या तपासणीतून परत आल्या. घरी सांगितलं, तर सासूबाईंची हसून हसून पुरेवाट. "इतकी वर्षं दोघांचं जुळवून देत होतीस, आता भांडण लावायचा पगार घे!"

हळूहळू तिनं नवी खूण धरली. हिंदकळणं वाढत जाऊन त्याची घरघर झाली, की थांबायचं.

पुढे तिचा नवरा चालवायचा त्या बसलाही तोच हॉर्न लागला. "काय कर्कश आहे गं," तो जेवताना कुरकुरला.

"लोक बाजूला होतात ना?"

"बाजूला? उड्या मारतात!"

"मग झालं तर."

खरं तर तिलाही तो आवाज कधी आवडला नाही. पण निवृत्त होईपर्यंत तिनं तोच लावला, आणि चोख लावला.