तिघांचा एक कागद

मार्च २००९ मधल्या त्या गुरुवारी विपावा दरीत बुर्या, डोंगरावरून येणारा सोसाट्याचा वारा, सुटला होता. असा वारा सुटला की मोठ्या रस्त्यावरून बस आणि ट्रक सोडतच नाहीत, म्हणून सकाळी सातला शेवटची बस आली आणि पुढच्या सगळ्या रद्द झाल्या. त्या शेवटच्या बसमधून तीन मुलं उतरली आणि केस सावरत आरोग्य केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. तिघांच्या हातात एकेक पत्र होतं आणि तिन्ही पत्रांवर एकच नाव होतं : सिस्टर मिलोयका फुर्लान.

मिलोयका घरोघर जाऊन रुग्ण बघणारी नर्स. वय बावन्न, त्यातली पंचवीस वर्षं याच दरीत, याच कामात. कुणाची जखम बांध, कुणाच्या बाळाचं वजन कर, कुणा म्हातारीला अंघोळ घाल. वर्षातून एकदा एखादा विद्यार्थी तिच्याबरोबर फिरायला यायचा. यंदा तीन वेगवेगळ्या शिक्षणसंस्थांनी एकमेकींना न विचारता एकाच आठवड्यात तिच्याकडे माणूस पाठवला होता.

केंद्राच्या मुख्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकाला ठेव, दोघांना परत पाठव."

"कशात बसवून पाठवू? बस आहे कुठे?" मिलोयका म्हणाली आणि तिघांना आपल्या लहानशा गाडीत कोंबलं.

पुढे बसला गोराज्द, वैद्यकशास्त्राच्या पाचव्या वर्षाचा. उंच, हुशार आणि आपण हुशार आहोत हे पुरतं ठाऊक असलेला. मागे त्याशा, फिजिओथेरपी शिकणारी, बोलायला चटपटीत. तिच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन मिर्साद, नर्सिंगचा विद्यार्थी. त्याचे वडील बोस्नियातून येऊन येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात लागलेले. मिर्साद कमी बोलायचा.

पहिलं घर आल्बिन चेहोविनचं. एकोणऐंशी वर्षांचा गवंडी, महिनाभरात तीनदा पडलेला. हाड मोडलं नव्हतं एवढंच नशीब. गोराज्दने त्याला खुर्चीत बसवून रक्तदाब घेतला, छाती तपासली, वीस प्रश्न विचारले. मग त्याशाने त्याला उठवलं, चालवलं आणि त्यातलेच पंधरा प्रश्न पुन्हा विचारले.

"मी काय रेडिओ आहे का गं, दर तासाला त्याच बातम्या द्यायला?" आल्बिन वैतागला. "पुढच्या खेपेला कुणाला आणणार आहेस, मिलोयका? पाद्रीबाबांना?"

मिर्साद तोवर स्वयंपाकघरात होता. आल्बिनची बायको पेप्का योता करत होती, आंबवलेल्या कोबीचं आणि राजम्याचं दाट सूप. तो तिला बटाटे सोलून देत होता आणि ती सांगत होती ते ऐकत होता.

परतताना गाडीत जुंपली. गोराज्द म्हणाला, "सरळ आहे. रक्तदाबाचं औषध बदलायला पाहिजे."

"त्यांच्या पायात जोर नाही, तो औषध बदलून येणार का?" त्याशा म्हणाली.

"मला वाटतं, पेप्काआजी म्हणत होत्या की..." मिर्सादने सुरुवात केली.

"झाली का भांडी घासून?" गोराज्द मागे वळून हसत म्हणाला.

 त्याशाही हसली, मग खिडकीबाहेर बघू लागली. मिलोयकाला हे नवीन नव्हतं. पंचवीस वर्षं ती केंद्राच्या बैठकांना बसत आली होती. कोणत्या घरात औषधं खिडकीत उन्हात ठेवतात, कोणता म्हातारा वाचता येतं असं खोटंच सांगतो, सगळं तिला ठाऊक. पण "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तिनेही न विचारता कधी तोंड उघडलं नव्हतं. स्वतःचाच तिला जास्त राग आला.

केंद्रावर तिने तिघांना आल्बिनबद्दल लिहायला सांगितलं. तिघांनी तीन कागद दिले, ते तिने उभ्याउभ्याच वाचले.

"यात तीन म्हातारे आहेत," ती म्हणाली. "एकाला नुसतं हृदय आहे, दुसऱ्याला नुसत्या मांड्या. मिर्साद, तुझा तर काय जेवतो याच्यापुढे गेलाच नाही. मी ज्याला पंचवीस वर्षं ओळखते तो यात कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी वारा तसाच होता. तिने तिघांना पुन्हा आल्बिनच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि टेबलावर एक कोरा कागद आणि एक पेन ठेवलं.

"मी शेजारच्या घरी एकाच्या पायाची जखम बांधून येते. तोपर्यंत आल्बिन का पडतो आणि काय करायचं, ते या एका कागदावर पाहिजे. अक्षर असं मोठं की पेप्काला चष्म्याशिवाय वाचता यावं. डॉक्टरी लॅटिन दिसलं तर चुलीत घालीन."

"सिस्टर, पण लिहिणार कोण?" गोराज्दने विचारलं.

"तेही तुम्हीच ठरवा."

पाऊण तासाने ती परतली तर अंगणापर्यंत आवाज येत होता. आत आल्बिन टेबलाच्या टोकाला न्यायाधीशासारखा बसला होता. "आता तू बोल रे," तो काठीने मिर्सादकडे खूण करत होता. "आणि लांब्या, तू जरा तोंड मीट!"

मिर्साद हळूच म्हणाला, "अंगातलं पाणी उतरवायची गोळी हे सकाळी घेतच नाहीत. रात्री जेवताना घेतात."

गोराज्द थबकला. "काय? चिठ्ठीवर तर सकाळी लिहिलंय."

"सकाळी दहाला आम्ही मित्र मैदानात लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळतो," आल्बिन म्हणाला. "दर दहा मिनिटांनी झुडपामागे पळू का मी? आमच्यातला सिल्वेस्तर आधीच मला गळका नळ म्हणतो."

"म्हणून रात्री तीन-चारदा उठतात," मिर्साद म्हणाला. "आजींनी मला कालच सांगितलं."

"मग तू काल का बोलला नाहीस?"

"बोलायला लागलो होतो. तू भांड्यांचं विचारलंस."

 गोराज्दचे कान लाल झाले. मिलोयका दारातच थांबली. आत जावं, काहीतरी बोलून त्याला सोडवावं असं तिला वाटलं, पण तिने पाय आवरला.

गोराज्दनेच शेवटी तोंड उघडलं. "चुकलं माझं," तो म्हणाला आणि उठून रक्तदाबाचं यंत्र काढलं. "आजोबा, जरा आडवे व्हा. काल मी तुम्हाला फक्त बसवून मोजलं." आडवं असताना वरचा आकडा एकशे पंचेचाळीस होता, उठून उभं राहिल्यावर एकशे दहा. आल्बिनने गरगरून भिंत धरली.

"आणि रात्री उठल्यावर धरायला भिंतच असते," त्याशा म्हणाली. ती टेप घेऊन संडासापर्यंत जाऊन आली होती. "दार उघडलं तरी वाट अठ्ठावन्न सेंटिमीटर, वॉकर एकसष्ट. वॉकर बाहेर ठेवून हे बेसिन धरत धरत आत जातात. दार बिजागरीतून काढून पडदा लावला तर वॉकर आत जाईल."

"पडदा?" आल्बिन ओरडला. "संडासाला?"

"मी शिवते फुलांचा," पेप्का म्हणाली. "पन्नास वर्षं बघतेय तुला, आता काय नवीन दिसणार आहे?"

कागदावर शेवटी चारच ओळी उतरल्या. गोळी पहाटे सहाला. उठताना आधी पलंगावर बसून सावकाश वीस आकडे मोजायचे. संडासाचं दार काढायचं. पायांचे दोन व्यायाम, चुलीपाशी खुर्ची धरून, पेप्का बघत असताना. गोळीची वेळ आल्बिनच्या डॉक्टरांना विचारायला हवी होती. गोराज्दने फोनकडे हात नेला, पण तो थांबला आणि फोन मिर्सादला दिला. "तुला सगळं नीट माहीत आहे. रक्तदाबाचे आकडे विचारले तर मी आहे इथे." डॉक्टरांनी होकार दिला. गोळीचा जोर ओसरेपर्यंत खेळ साडेअकराला ढकलायला मात्र आल्बिनला स्वतः जाऊन मित्रांशी दोन दिवस भांडावं लागलं.

त्या वसंतात आल्बिन पडला नाही. जूनमध्ये पडला, पण तो जर्दाळूच्या झाडावर चढला म्हणून. त्यावर कुठल्याच विद्यार्थ्याकडे इलाज नव्हता.

मिलोयकाने तिन्ही संस्थांना पत्रं लिहिली : यंदा जे चुकून झालं ते पुढच्या वर्षी मुद्दाम करा. दोघींनी उत्तरच दिलं नाही, तिसरीने नियमात बसत नाही म्हणून कळवलं. ती दरवर्षी लिहीत राहिली. गोराज्दही आपल्या प्राध्यापकांच्या मागे लागला. चौथ्या वर्षी तिला राजधानीत, ल्युब्लियानाला बोलावलं. समोर बारा शिक्षक बसलेले. तिने रात्री लिहून काढलेलं भाषण घडी करून पिशवीतच ठेवलं आणि आल्बिनच्या घरचा चार ओळींचा कागद टेबलावर ठेवला. "हा लिहायला तिघांना दोन दिवस लागले," ती म्हणाली. "कॉलेजात मुलं वेगवेगळ्या वर्गांत बसून शिकतात, आणि मग नोकरी लागल्यावर एकदम एकत्र काम करा म्हणून सांगतो आपण. ओळख तरी कधी व्हायची?" एका वयस्क बाईंनी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय लागेल?" मिलोयकाने बारा चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "मोठी गाडी."

गाडी मिळाली नाही. मुलं मात्र मिळाली, २०१३ पासून दर वसंतात दोन आठवडे. काही गट छान जमले, काही शेवटपर्यंत धुसफुसत राहिले. एका मुलीने तर तिसऱ्याच दिवशी ल्युब्लियाना गाठलं. मिर्साद येसेनित्सेला घरोघर जाणारा नर्स झाला, त्याशा कोपर शहरातल्या इस्पितळात लागली. गोराज्द मोठ्या इस्पितळात जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो शेजारच्या गावात फॅमिली डॉक्टर होऊन बसला.

मिलोयका २०१९ मध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा बदलला. नव्या सिस्टरबरोबर दोन विद्यार्थी तिच्याच घरी आले. फिजिओथेरपीच्या मुलीने विचारलं, "व्यायाम चालू आहेत ना, सिस्टर?"

"दिवसातून तीनदा," मिलोयका ठामपणे म्हणाली.

मुलीने लिहून घेतलं. तेवढ्यात नर्सिंगचा मुलगा स्वयंपाकघरातून आला. तो तिच्या नवऱ्याशी, झ्वोनेशी, कॉफी पीत बसला होता. दोघं खिडकीपाशी जाऊन काहीतरी कुजबुजली.

"सिस्टर," मुलगी परत येऊन म्हणाली, "व्यायामाचा रबरी पट्टा अजून पाकिटातच आहे म्हणे. पाकीट फोडलेलंसुद्धा नाही."

"झ्वोने!" मिलोयका ओरडली. "घरभेदी मेला!"

आतून नुसतं हसू ऐकू आलं. मुलीने खुर्ची पुढे ओढली, मुलाने पाकीट फोडलं. मिलोयकाने तोंड वाकडं करून पाय लांब केला, आणि दोघं वाकून एकमेकांना "तू टाच धर, मी मोजतो" म्हणताना ऐकून तिला आतून इतकं बरं वाटलं की पहिले पाच आकडे ती मुकाट्याने त्यांच्याबरोबर मोजत गेली.