कुठं निघालीस?

आज सकाळी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली आणि दारातल्या झेंडूचा कडसर वास नाकात शिरला. त्या सकाळीही हाच वास होता.

मखमलाबादच्या आमच्या घरी ओट्यावर झेंडूची पोती भरून ठेवलेली, अण्णांची मार्केटला निघायची घाई. माझा बी.एस्सी.चा शेवटचा पेपर. तो झाला की पुणं, नोकरी, सगळं ठरलेलं. आईनं हातावर दही ठेवलं. मी चपला घातल्या.

"कुठं निघालीस गं?" तिनं विचारलं.

बाहेर पडणाऱ्याला आमच्याकडे 'कुठं' विचारत नाहीत. काम होत नाही म्हणतात. घरात हे सगळ्यांत कडक पाळायची ती आईच. अण्णांनाही ती "लांब जाताय का?" असंच विचारायची.

"आई, आजच्या दिवशी तरी टोकू नकोस!" मी चिडले. ती बावरून हसली. हातातली वाटी तशीच. कॉलेज येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच, आता पेपर जाणार, पुणंही जाणार.

पेपर सोपा गेला. मी निश्चिंत झाले. आईनं मला टोकलं नव्हतं, ती खरोखरच विसरली होती, हे कळेपर्यंत ती आमची नावंही विसरायला लागली होती. पुण्याला मी गेलेच नाही.

आज लेक चपला घालत होती. तिचाही शेवटचा पेपर, तिचंही बंगळुरू ठरलेलं.

"कुठं निघालीस गं?"

"अगं आई, असं काय विचारतेस?" लेक हसली.

घरात आम्ही दोघीच होतो.