मोहफुलाचा वास अन् पालकसभा

“बाई, दारू पिऊन शाळेत येत जाऊ नका.”

सर असं बोलले. भर पालकसभेत. मी दाराशी उभी होती. पहाटेपासून मोहफुलं येचून तशीच धावत आली होती. मोहाच्या दिवसात आमच्या धानोऱ्याकडं कोणत्याई बाईच्या लुगड्याले फुलांचा तो दारूसारखा वास असतेच. खुर्चीवरचे नोकरीवाले खो खो हसले. त्यातले दोघं तर लपूनछपून आमच्याच टोल्यावर, आमच्या वस्तीत, प्यायले येतात. चोर सोडून संन्याशाले फाशी! माही आठवीतली पोरगी खिडकीपाशी होती. तिनं मान खाली घातली.

मी आली होती काऊन? पोरगी गणितात मागं पडून राह्यली होती. कुठी अडते, एवढंच इचारायचं होतं. इचारलंच नाई. तशीच परतली.

गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेतल्या मॅडम आंगणात खाटेवर येऊन बसत. “हिचा भागाकार कच्चा आहे, घरी मोहफुलं वाटून दाखव,” म्हणत. मी दाखवत होती. पोरगी शिकली. पाचवीपासून मोठी शाळा लागली, अन् कोणी काही सांगेचना. सांगणं सारं मोबाइलवर, टोल्यावर टावर नाई. सभा ठेवणार सकाळीच, फुलं पडायच्या टायमाले.

घरी पोरगी म्हणे, “आई, तू नको येऊ आता शाळेत.”

सरांचं बोलणं गिळलं असतं मी. हे गिळता नाई आलं. चुलीपुढं बसून रडली. मंग असा राग आला का बस! संध्याकाळी विहारात बायाईले सांगतलं. त्याईच्याई पोरांचं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्याजणी टोपल्यासकट गेलो. पोरगी वर्गातून पाहून राह्यली होती. मी फुलांचं टोपलं सरांच्या टेबलावर ठेवलं.

“हुंगा सर. फूल आहे हे. आता सांगा, माह्या पोरीचं गणितात कुठी अडते?”

सर टोपल्याकडं पाहत म्हणाले, “पाहावं लागेल.”

वरीसभर शिकवलं, अन् आता पाहा लागते!

“पाहा मंग. मी बसते.”

खुर्ची ओढली अन् बसली.

आता दर शनिवारी जाते. मोहाच्या दिवसात मोहाचा वास येईन, तेंदूची पानं तोडायच्या दिवसात हात काळे असतीन. नववीत सर बदलतीन, दहावीत आणखी बदलतीन. इचारणारी मीच राहीन. दाराशी उभी राहून नाई इचारणार.