भिंतीवरचे पांढरे फराटे

चैत्रात निंबाचा फुलोरा गळू लागला की बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात एक कडवट-गोड दरवळ येऊन बसतो, आणि खिडकीतून आलेले सकाळचे ऊन समोरच्या भिंतीवर सावकाश सरकत जाते. त्या उन्हाच्या वाटेवर मी एक चित्र लावले होते. अमूर्त अभिव्यक्तिवादी शैलीतले. म्हणजे मूळ चित्र नव्हेच, कापडावर छापलेली त्याची प्रत, मोबाइलवर पाहून मागवलेली आणि वर्ध्याच्या बाजारातून चौकटीत बसवून आणलेली. मातकट रंगावर पांढऱ्याचे रुंद, वळणदार फराटे, एकावर एक चढलेले. कुठे दाट, कुठे इतके विरळ की खालची माती दिसावी. शेजारच्या दुकानवाल्या काकूंनी ते निरखून पाहिले आणि विचारले, "अजून वाळून राह्यलं का हे?" मी हसले खरी, पण मनातून चिडलेच. हौसेला मोल नसते आणि शेजाऱ्यांच्या जिभेला हाड नसते.

खरे तर माझ्या हौसेपेक्षा ते चित्र बाबांसाठी होते. आई हिवाळ्यात गेली आणि हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी, वेणा नदीच्या काठी, बाबा एकटे उरले. मी त्यांना इथे घेऊन आले. ते आले, पण त्यांची पिशवी काही आली नाही असेच म्हणायला हवे, कारण ती भरलेलीच पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली. कपडे तिच्यातून निघत आणि धुऊन, वाळून तिच्यातच परतत. "पुढच्या आठोड्यात जातो मी गावाले," असे ते अधूनमधून म्हणत, आणि त्या कुलूपबंद घरात, आईवाचून थंड पडलेल्या चुलीपाशी ते एकटे कसे राहतील या विचाराने माझा जीव खालीवर होई. निदान त्यांनी कोऱ्या भिंतीकडे पाहत बसू नये म्हणून मी रंग आणला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पोतारा अर्धाच काऊन सोडला?"

आमच्याकडे चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी मातीच्या भिंती पोतारतात. छुई, म्हणजे पांढरी माती, पाण्यात कालवायची, फडके बुडवायचे आणि भिंतीवरून हात फिरवत जायचे. ओली असताना भिंत मळकटच दिसते, वाळू लागली की हाताचे एकेक वळण शुभ्र होऊन वर येते. मी मात्र कॉलेजात शिकवायच्या सवयीने बाबांना अमूर्ताचा अर्थ समजावू लागले, आकारापलीकडची भावना वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि "असं का," एवढेच म्हणाले. पण त्यानंतर रोज सकाळी त्यांची खुर्ची त्या चित्रासमोर सरकू लागली.

जयंती जवळ आली होती. एका दुपारी मी कॉलेजातून परतले, तर चित्र खालचे वर झालेले, त्याच खिळ्याला सुतळीने टांगलेले, आणि चित्रकाराची सही वरच्या कोपऱ्यात उलटी लटकलेली. मला रागच आला.

"बाबा, हे काऊन फिरवलं?"

"उजव्या हाताचं होतं ते," बाबा म्हणाले. "तुह्या मायचा हात तसा नाई फिरे."

"आई उजव्याच हातानं करायची ना सगळं?"

"लोकायसमोर. जन्माची डावरी होती ते. डाव्या हातानं वाढलं का तुही आजी रागवे, मंग वाढणं, कुटणं, सारं उजव्यानं शिकली. पोताऱ्याच्या दिवशी मात्र दार लावून घे, न् डाव्यानं पोतारे. मी पाणी देत राहो."

मी पुन्हा चित्राकडे पाहिले. डावीकडे फुगलेली ती वळणे आता उजवीकडे फुगली होती, आणि एवढ्यानेच ती परकी राहिली नव्हती. ज्या भिंतींना टेकून मी अभ्यास केला, ज्यांची पांढरी पूड माझ्या वेणीला लागे, त्यांच्यावर आईचा मोकळा हात वर्षानुवर्षे उघड्यावर होता आणि मला तो कधी दिसला नाही. मला रडू आले. सही सरळ करावी असे काही वाटले नाही.

चहा ठेवायला आत जाताना पलंगाचा पायथा रिकामा दिसला. पिशवी झटकून, घडी घालून उशाशी ठेवलेली होती.

चहा झाल्यावर मी चित्रासमोर उभी राहिले आणि त्यातल्या एका फराट्यावरून डावा तळवा फिरवून पाहिला. हात अडखळला, त्याला ती वाट ठाऊक नव्हती.

"हळू," मागून बाबा म्हणाले. "ओलं हाये असं समज."